तळ्याची मोरीकडची बाजू

माझ्या वडिलांना तळ्यात शेवटचा मासा लागला तो शिंगाळा होता. फार मोठा नव्हता, वीतभर असेल. शिंगाळ्याच्या कल्ल्यांजवळ काटे असतात आणि पाण्याबाहेर काढला की तो अंग असं पिळवटतो की धरणाऱ्याची पकड सुटते. वडिलांची सुटली. माशाच्या तोंडातून गळ निसटला आणि त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, मागे ओढला तर तो मांस घेऊन येतो. म्हणून त्यांनी तो पुढे ढकलून आरपार काढला, तळ्याच्याच पाण्यात हात बुचकळला, रुमाल बांधला आणि मासा घेऊन घरी आले. दुपारी आम्ही तो खाल्ला.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेल्यांपैकी, एवढंच माहीत. घरची भाषा मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की अण्णांच्या थोरल्या भावाला आम्ही दोड्डप्पा म्हणायचो आणि तळ्याला केरे. पुण्याकडचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून त्याला हसू आवरायचं नाही. आई मात्र निपाणीकडची, दूधगंगेच्या काठची. तिच्या ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ला आमच्या घरातले इतके हसले होते की ती सासरी फारशी बोलतच नसे.

अण्णा कॅन्टोन्मेंटमधल्या एका शिंप्याच्या दुकानात कटर होते. सहा दिवस कात्री आणि रविवारी गळ. आमच्या भाड्याच्या घरापासून तळं चालत जाण्यासारखं होतं. मी लहान असताना, पन्नास सालानंतरची ती वर्षं, त्या तळ्याचं पाणी लोक प्यायचे नाहीत पण भांडी घासायला नेत. वरच्या अंगाला नाचणीची शेतं होती. काठच्या लव्हाळ्यात मरळ लपून असायची. अण्णा छोटा बेडूक गळाला लावून ती काढायचे आणि घरी येताना रस्त्याने सगळ्यांना दिसेल अशी दोरीला लटकवून आणायचे. मग वरची शेतं गेली आणि तिथे नवं एक्स्टेन्शन वसलं. घरं देखणी होती, पण त्यांची मोरी थेट तळ्यात सोडलेली. जटकेवाले आपले घोडे धुवायला तळ्यावरच आणायचे. पाण्याला हिरवट साय धरू लागली. मरळ कमी झाली. सरकारने नव्या जातीचे मासे आणून सोडले होते, त्यातला एक इतका माजला की बाकीच्यांना जागाच उरली नाही. बाजारात त्याला जिलेबी म्हणत. तो काटेरी आणि चिखलाच्या वासाचा. अण्णा दर रविवारी चिडून म्हणायचे, “केरे बिघडली. पुढच्या वर्षी येणार नाही मी.” आणि पुढच्या रविवारी जायचे.

गळ लागल्यानंतर आठवड्याभराने ते जेवायला बसले आणि त्यांना घास घेता येईना. तोंड उघडत नव्हतं. आईला वाटलं दाढ दुखतेय, तिने लवंग दिली. संध्याकाळपर्यंत त्यांची मान ताठ झाली. दोड्डप्पांनी जटका बोलावला आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि विचारलं, “हे कुठलं?” आईने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “धनुर्वात आहे. घोड्याच्या लिदीतून येतो. उशीर झाला आहे, पण प्रयत्न करू.”

त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. भांडं पडलं, दार वाजलं, कुणी मोठ्याने बोललं की त्यांचं अंग कमानीसारखं वाकायचं. ते शुद्धीत होते, हे सगळ्यात वाईट. त्यांचे ओठ ताणलेले, दिसायला हसल्यासारखे. मी दारातून एकदा पाहिलं आणि परत आत गेले नाही. आई आतच होती. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने त्या काढून पदरात बांधल्या होत्या. पुढे चार दिवसांनी त्या फोडायला आलेल्या बायकांना तिने पदराची गाठ सोडून दिली.

मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाले होते. माझ्यामागे एक भाऊ, दहा-अकरा वर्षांचा, आणि एक बहीण, तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नव्हती. दोड्डप्पा सरकारी कचेरीत होते. तेराव्याला त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर आईला सांगितलं, “तू काळजी करू नकोस. मी आहे.” पहिले काही महिने त्यांच्याकडून तांदूळ यायचे. मग तांदळाच्या जागी नाचणी आली, मग नाचणीही उशिरा यायला लागली. मी शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवून द्यायचे. त्यावर घरभाडं कसंबसं निघायचं.

एका सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. कोपऱ्यात उभी करून ठेवलेली अण्णांची गळाची बांबूची काठीही नव्हती. मला भलतंच वाटलं. मी तळ्याकडे धावले.

आई बांधाच्या खाली, पाण्याजवळ एका दगडावर उकिडवी बसली होती. डोक्यावरून पदर, हातात काठी. गळाला तिने नाचणीच्या पिठाची गोळी लावली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “वरडू नगं. मासं पळतील.”

“तुला येतं हे?”

“नदीकाठची पोर मी. तुझ्या अण्णांआधी मला येतंय.”

लग्नानंतर इतकी वर्षं ती घरी बसून अण्णांचे मासे साफ करत होती आणि हे तिने कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिला चार जिलेबी मिळाल्या. तिने त्या राखेने चोळल्या, चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, मग हळद-मीठ लावून पुन्हा धुतल्या. तरी कालवणाला चिखलाचा वास होता. भावाने ताट चाटून पुसून साफ केलं. आई स्वतः नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, मिठाच्या पाण्यात बुडवून जेवली. विधवा बाईने मासे खायचे नाहीत ही आमच्याकडची रीत, म्हणून मी काही बोलले नाही.

तेव्हापासून ती रोज पहाटे जाऊ लागली. पण तळ्यावर सुखाने बसणं लवकरच संपलं. मासेमारीचा लिलाव होऊन गुत्तेदार नेमला गेला होता आणि त्याने काठी घेऊन फिरणारा एक राखणदार ठेवला. म्हातारा होता, डोक्याला लाल टॉवेल. तो आईजवळ येऊन म्हणाला, “अक्का, इथं गळ टाकायचा नाही. गुत्तेदाराचं पाणी आहे.”

आई कानडीत म्हणाली, “माझ्या नवऱ्याने इथे जन्मभर गळ टाकला.”

“तेव्हा गुत्ता नव्हता. आता आहे. माझं पोट जाईल, अक्का.”

आई उठली नाही. तोही हलला नाही. शेवटी त्याने काठीने पलीकडचा कोपरा दाखवला. तिथे एक्स्टेन्शनची मोरी तळ्याला मिळत होती. “तिकडे आमची जाळी लागत नाही. घाणीत अडकून फाटतात. तिकडे बसलीस तर मी तुला पाहिलं नाही. सरी?”

“सरी, बरं,” आई म्हणाली.

मग पुढची काही वर्षं तिने त्या मोरीकडच्या बाजूला काढली. मी कधीकधी सोबत जायचे, म्हणून सांगते. तिथे पाणी राखाडी होतं आणि त्यावर साबणाचा फेस तरंगायचा. काठाला कागद, केस, तुटक्या चपला, कधी मेलेलं मांजर. नाक धरून बसता येत नाही, दोन्ही हात काठीला लागतात. साध्या माशांना तिथे श्वास घेता यायचा नाही. जगायचा तो फक्त मांगूर, काळा, मिशांचा, चिखलातसुद्धा जगणारा. तो लागला की आई त्याला मान दाबून धरायची आणि गळ काढताना हाताला चिंध्या गुंडाळायची. हात मोरीच्या पाण्यात कधीच घालत नसे. घरून तांब्याभर पाणी न्यायची आणि त्यानेच हात धुवायची. घरी आल्यावर बोटं उजेडात धरून बघायची, कुठे ओरखडा आहे का.

त्या पहिल्याच वर्षी गोष्ट दोड्डप्पांच्या कानावर गेली. एका सकाळी कोट, छत्री अशा कचेरीच्या वेषात ते थेट तळ्यावर आले. मी तिथेच होते. बांधावरूनच त्यांनी आवाज दिला. “ऊठ तिथून!”

आईने मान वळवली, पण उठली नाही.

“भावजय म्हणवतेस माझी. गटाराच्या तोंडाशी बसून मासे मारतेस? नवरा जाऊन वर्ष झालं नाही. माझ्या कचेरीत लोक विचारतात.”

“काय इचारत्यात?”

“विचारतात, तुमच्या घरच्यांना जेवायला मिळत नाही का म्हणून!”

“मग काय सांगता तुम्ही?” आई म्हणाली.

दोड्डप्पा बांध उतरून खाली आले. चिखलात त्यांचे बूट रुतले. त्यांनी आईच्या हातातली काठी ओढून घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि पाण्यात फेकली. अण्णांची काठी होती ती. दोन तुकडे फेसावर तरंगत राहिले. मला वाटलं, आता आई रडेल किंवा शिव्या देईल. तिने टोपली उचलली आणि घराकडे चालू लागली. वाटेत बुरुडाच्या दुकानापाशी थांबली, एक बांबू निवडला आणि मला म्हणाली, “दोरा तुझ्या शिवणाच्या डब्यातला दे. जाड हाय तो.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच दगडावर होती. दोड्डप्पांकडून येणारी नाचणी त्यानंतर आली नाही.

पुढच्या एका वर्षी पाऊस झाला नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नीट झाला नाही. रेशनच्या दुकानासमोर बायका पहाटेपासून पिशव्या ठेवून जागा धरायच्या, आणि मिळायचा तो लाल, किडका गहू. भात खाणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याच्या चपात्या नीट लाटतासुद्धा येत नव्हत्या. त्या दिवसांत एकदा दुपारी आमच्या मागच्या दारी दोड्डम्मा, म्हणजे दोड्डप्पांची बायको, येऊन उभी राहिली. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. दोड्डम्मा कितीतरी वेळ इकडचं तिकडचं बोलली. शेवटी खाली बघत म्हणाली, “पोरीच्या अंगात काही नाही गं. दूध येत नाही तिला. कुणी म्हणतं, मांगुराचं कालवण द्या.”

आईने घागरीत जिवंत ठेवलेला मांगूर काढला, साफ केला आणि केळीच्या पानात बांधून दिला. “हे घरात सांगू नकोस हं,” दोड्डम्मा म्हणाली. आई म्हणाली, “मी कुणाला सांगनार?” त्यानंतर दोड्डम्मा बऱ्याचदा मागच्या दारी आली. त्या त्या दिवशी आमच्या वाट्याला कालवणाचं पाणी यायचं.

मी एकदा न राहवून बोलले. भावंडं जेवून उठली होती आणि भांड्यात एक तुकडा शिल्लक होता. आईच्या गळ्याची हाडं वर आली होती. मी तो तुकडा तिच्या ताटात ठेवला. “रीतभात गेली खड्ड्यात. इथे बघायला कोण आहे? खा तू.”

तिने तो उचलून परत भांड्यात ठेवला.

“रीतीसाठी न्हाई,” ती म्हणाली. “तुझ्या अण्णांना ज्यानं खाल्लं, त्यातलं मी खाऊ?”

“मग आम्हाला कशाला घालतेस?”

“तुमाला जगायचंय,” ती म्हणाली आणि भांडं झाकून ठेवलं. मला तेव्हा घशाखाली काही उतरेना, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भूक लागली तेव्हा उतरलं.

त्या दुसऱ्या कोरड्या वर्षाच्या उन्हाळ्यात तळं आटत मध्यापर्यंत गेलं. काठाचा चिखल भेगाळला. मोरी मात्र आटली नाही, उरलेल्या पाण्यात तिचंच पाणी मिसळत राहिलं. पाण्याचा रंग कधी काळा, कधी शेवाळी हिरवा. गुत्तेदार रोज येऊन बघायचा आणि पाणी अजून थोडं उतरलं की एकदम जाळं ओढू, म्हणून थांबायचा. मग एका सकाळी आई नेहमीपेक्षा फार लवकर घरी परतली. टोपली रिकामी. म्हणाली, “सगळं वर आलंय.”

मी जाऊन पाहिलं. पाणी दिसतच नव्हतं. पांढरी पोटं वर करून मासे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पडले होते. कटला, रोहू, हजारो जिलेबी. काही अजून तोंड वर काढून आ करत होते. वास यायला लागला होता. आसपासच्या वस्त्यांमधून माणसं घमेली, बादल्या, पोती घेऊन येत होती आणि कमरेपर्यंत चिखलात शिरून मासे भरत होती. गुत्तेदार बांधावर कपाळाला हात लावून बसला होता. कुणीतरी पोतं भरून त्याच्यासमोरून नेलं तरी तो बघत नव्हता. म्हातारा राखणदार लोकांना ओरडत होता, “खाऊ नका रे! मेलेलं आहे ते! हातसुद्धा लावू नका!” त्याचं कोण ऐकणार? रेशनचा किडका गहू खाऊन कंटाळलेली माणसं ती.

माझा भाऊ घरातली बादली घेऊन निघाला होता. आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली. तो ओरडला, “सगळे नेतायत! फुकट आहेत!” आईने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. मग दाराला आतून कडी लावून ती दारालाच पाठ टेकून बसली. बाहेर गल्लीतून लोकांचं येणं-जाणं, हसणं ऐकू येत होतं. पुष्कळ दिवसांनी सणासारखं वाटत होतं लोकांना. दुपारी घराघरांतून मासे तळल्याचा वास यायला लागला. बहीण रडत होती. आम्ही त्या दिवशी चपात्या आणि मिरची खाल्ली.

गल्लीत पुढचे दिवस वाईट गेले. बरीच माणसं ओकाऱ्या-जुलाबाने पडली. आमच्या शेजारच्या घरातलं, अजून रांगणारं, एक मूल गेलं. ते माशांमुळे की गल्लीच्या नळाच्या पाण्यामुळे, ते कुणी सांगू शकलं नाही. त्या बाईने नंतर आईला नळावर विचारलं, “तुला माहीत होतं ना, अक्का? मग मला का सांगितलं नाहीस?” राखणदार तर ओरडून सांगतच होता. आई घागर अर्धीच भरून घरी आली आणि पुढचे दोन दिवस तिने चूल फक्त आमच्यासाठी पेटवली.

तरीही ती पुन्हा तळ्यावर गेली. उरलेल्या डबक्याकाठी काठी धरून बसायची. मी एकदा बोलवायला गेले तेव्हा राखणदार तिला समजावत होता. त्याचीही नोकरी गेली होती, बोचकं बांधून तो आनेकलकडे आपल्या लेकीच्या गावी निघाला होता. “अक्का, आत काही नाही. मांगूरसुद्धा मेला. घरी जा.”

“बसू दे स्वल्प,” आई म्हणाली.

म्हाताऱ्याने वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि बांध चढून बसच्या रस्त्याकडे गेला. आई ऊन चढेपर्यंत बसली. दोऱ्याला बांधलेला बुचाचा तुकडा पाण्यावर जागचा हलला नाही. शेवटी तिने दोरा गुंडाळला, गळ दगडावर ठेचून निकामी केला आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर तिने उदबत्त्या वळायचं काम धरलं. ओला काळा मसाला फळीवर काडीभोवती वळायचा, दिवसभर मान खाली. तिचे तळवे कायमचे काळे झाले. भाऊ शाळा सोडून एका लेथच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. माझं लग्न झालं, ते गावातच, आईच्या घरापासून तीन-चार गल्ल्या सोडून. दोड्डप्पा निवृत्त झाले आणि मग आमच्याकडे येऊन बसू लागले. काठीचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आईनेही नाही. ती त्यांना कॉफी करून द्यायची.

पुढे पाऊस चांगला झाला, पण तळ्यात पाणी साचू दिलं नाही. डासांचं कारण सांगून बांध एका ठिकाणी फोडला आणि लॉऱ्यांनी माती आणून टाकायला सुरुवात केली. साठीचं दशक संपत आलं होतं. एक दिवस माझे यजमान बातमी घेऊन आले की तिथे सायटी, म्हणजे घरांसाठी प्लॉट, पाडणार आहेत आणि अर्ज घेतायत. आई तेव्हा माझ्याकडेच होती, पुढ्यात फळी घेऊन उदबत्त्या वळत होती. मी तिच्यादेखत नवऱ्याला म्हटलं, “ती जागा आपल्याला नको. तुम्हाला माहीत आहे ना सगळं.”

आईने हात थांबवला नाही. “का नको?” ती म्हणाली. “घ्या की. जमीन हाय ती. भाडं भरून भरून काय मिळालं मला?”

“पण आई, अण्णा...”

“अण्णा गेलं. केरेबी गेली. अर्ज टाका तुम्ही.”

यजमानांनी अर्ज केला. आमचा नंबर लागला नाही. आईने एकदा चौकशी केली, कुणाकुणाला जागा मिळाली म्हणून, आणि पुढची काडी उचलली.